दोन बोटे खाली

‘सस्पेन्शन’ या शब्दाला पारिभाषिक मराठीत ‘निलंबन’ असा प्रतिशब्द आहे. आम्हा अध्यापकांच्या जगात त्या शब्दाचा एकच अर्थ प्रचलित असून तो सहसा दबक्या आवाजात उच्चारला जातो. मोटारीच्या पोटाखाली दडलेल्या स्प्रिंगा, शॉक ॲब्सॉर्बर, बुश आणि लिंक रॉड यांच्या व्यवस्थेलाही तोच शब्द लागू पडतो, हे आम्हांला बऱ्याच उशिरा कळले. कळल्यावर मात्र त्यात फारशी विसंगती वाटली नाही. दोन्हीकडे कोणीतरी अधांतरी असते आणि खालून बसणारे धक्के आपल्यापर्यंत कितपत पोहोचतील, या काळजीत असते.

साहित्यचर्चेच्या जागेत मोटारीच्या स्प्रिंगांचा विषय काढल्याबद्दल काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांची समजूत घालण्यापुरते एवढेच सांगतो की, रूप, शैली, अलंकार, औचित्य या ज्या शब्दांवर आमचा चरितार्थ चालतो, त्यांची खरी परीक्षा पाहणारे उदाहरण आम्हांला अलीकडे ग्रंथालयात भेटले नाही. ते महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली भेटले.

आम्ही दोघे पतिपत्नी मराठीचे अध्यापक. घर जळगावात, एकाची नोकरी जळगावात, दुसऱ्याची धुळ्यात. मधले सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आमच्या संसाराचा भाग झाले आहे. बांभोरीजवळ गिरणा ओलांडायची, मग पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे आणि धुळे. जुन्या हिशेबाने हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, नव्या हिशेबाने ५३. त्याच्या तरसोद-फागणे टप्प्याचे चौपदरीकरण कित्येक वर्षे रखडले, तेवढ्या काळात आमच्या हातून कितीतरी विद्यार्थी पदवीधर होऊन गेले. त्यांतलाच एक या लेखाचा विषय आहे. त्याचे नाव सांगणार नाही. बी.ए.ला तो आमच्यातल्या एकाकडे धुळ्यात होता, एम.ए.ला दुसरीच्या वर्गात जळगावात. पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात त्याच्या वडिलांची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. तो सेट उत्तीर्ण झालेला आहे. सध्या तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतो आणि उरलेला वेळ महामार्गावरच्या त्या गॅरेजात काम करतो. दोहोंपैकी कोणत्या कामाला मुख्य आणि कोणत्याला जोडधंदा म्हणावे, असे आम्ही एकदा विचारले, तेव्हा त्याने शांतपणे उत्तर दिले, ‘‘सर, पैसे वेळेवर कुठून येतात त्यावरून ठरवा.’’

एम.ए.च्या वर्गात क्षेमेंद्राचा औचित्यविचार शिकवला जात होता. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी पंडिताचे म्हणणे सर्वांना ठाऊक आहे. अलंकार कितीही मौल्यवान असला तरी तो योग्य जागी नसेल तर शोभा न देता हसे करतो. शेवटच्या बाकावरून या विद्यार्थ्याने विचारले, ‘‘मॅडम, गाडी खाली करणं हे औचित्यात बसतं का?’’ वर्ग हसला. शिकवणाऱ्या व्यक्तीला प्रश्नच कळला नव्हता. ‘गाडी खाली करणे’ म्हणजे गाडीच्या मूळ स्प्रिंगा काढून त्या जागी आखूड स्प्रिंगा बसवणे आणि गाडीचे पोट जमिनीच्या जवळ आणणे, हे त्याने तासानंतर समजावून सांगितले. त्याच्या बोलण्यात एक मापन पुन्हा पुन्हा येत होते. चाकाचा वरचा काठ आणि मडगार्डची कमान यांच्यामध्ये किती बोटे शिरतात, यावर गाडीचे रूप ठरते. कंपनीतून आलेल्या गाडीत चार बोटे शिरतात. त्याला दोन हवी होती.

पुढे त्याने एक जुनी, २००९ सालची स्विफ्ट घेतली. ती जशी होती तशी वर्षभर चालवली आणि मग पुण्याहून मागवलेल्या आखूड स्प्रिंगा स्वतःच्या हातांनी बसवल्या. गाडी चार सेंटिमीटर खाली आली. ती दाखवायला तो आमच्या घरी आला तो दिवस आम्हांला स्पष्ट आठवतो. ‘स्वर्ग दोन बोटे उरणे’ हा वाक्प्रचार आम्ही आजवर गर्वाच्या संदर्भातच शिकवला होता. त्या दिवशी मडगार्डच्या कमानीत दोन बोटे घालून उभ्या असलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर आम्हांला त्याचा दुसरा, निष्पाप अर्थ दिसला.

गाडी खाली करण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक आमच्या विषयाच्या अभ्यासकांनी समजून घेण्याजोगा आहे. पहिला मार्ग स्वस्त आणि वाईट. असलेली स्प्रिंग काढायची, ग्राइंडरने तिचे एक वेटोळे कापायचे आणि तीच पुन्हा बसवायची. दुसरा मार्ग म्हणजे मुळातच आखूड आणि अधिक ताठ घडवलेली स्प्रिंग आणून बसवायची. वेटोळ्यांच्या स्प्रिंगेचा ताठपणा तीन गोष्टींवर अवलंबून असतो. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. तारेच्या जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, म्हणजे तार नखभर जाड केली तरी स्प्रिंग पुष्कळ ताठ होते. व्यास वाढला की ताठपणा घनाच्या प्रमाणात उतरतो. आणि वेटोळी कमी केली की तो त्याच प्रमाणात चढतो. सहा कामाच्या वेटोळ्यांपैकी एक कापले की स्प्रिंग २० टक्के ताठ झाली. परंतु कापलेल्या टोकाला बैठक उरत नाही. कंपनीच्या स्प्रिंगेचे टोक तिच्या खोबणीत नीट बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक कुठेतरी टेकते, खड्ड्यात चाक लोंबकळले की जागा सोडते आणि कधीकधी निसटतेही.

हे ऐकताना आम्हांला आमच्याच हातांखालून जाणारी संक्षिप्त पाठ्यपुस्तके आठवली. कादंबरीची अडीचशे पाने कापून तिची ‘विद्यार्थी आवृत्ती’ करतात, तेव्हा पुस्तक आखूड होते आणि वाचायला ताठही होते. पण कापलेल्या टोकाला बैठक नसते. याउलट कथा ही मुळातच आखूड घडवलेली असते. तिची तार जाड असते. कमी अंतरात तिला तोच भार पेलायचा असतो.

या भार पेलण्यातच सगळी मेख आहे. स्प्रिंग जितकी दाबली तितकी ती उलट ढकलते, हा नियम रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने शोधला आणि १६७६ साली छापला तो अक्षरांची उलटापालट करून, कोड्याच्या रूपात. शोध आपल्या नावावर राहावा आणि कोणाला कळूही नये, अशी त्याची इच्छा होती. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्याने ते कोडे स्वतःच उकलले. गाडी खाली केली म्हणजे चाकाला वर उचलले जाण्यासाठी जी जागा होती ती कमी झाली. तेव्हा त्या उरलेल्या जागेत तोच खड्डा पचवायचा तर स्प्रिंग ताठ हवी, नाहीतर प्रत्येक धक्क्याला ती तळाच्या रबरावर आदळेल. आणि स्प्रिंग ताठ केली की मूळ शॉक ॲब्सॉर्बर तिला आवरायला अपुरा पडतो. चाके वरच्या बाजूने किंचित आत कलतात आणि टायर आतल्या काठाने झिजू लागतो, म्हणून अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा लागतो. एक शब्द बदलला की सगळी ओळ पुन्हा लिहावी लागते, हा अनुभव कवींना नवा नाही.

सर्वांत मोठी गंमत वेगळीच आहे. गाडी जितकी खाली तितकी ती वळणावर स्थिर, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो एका मर्यादेपर्यंत खराही आहे. गुरुत्वमध्य खाली आला की वळणावर एका बाजूच्या चाकांवर पडणारा जादा भार कमी होतो. परंतु स्विफ्टसारख्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची रचना मॅकफर्सन स्ट्रट या पद्धतीची असते. तिच्यात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू, गाडी खाली आणली असता, गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली घसरतो. म्हणजे फार खाली केलेली गाडी कमी न कलता उलट अधिक कलू पाहते, आणि ते झाकण्यासाठी स्प्रिंग आणखी ताठ करावी लागते. आमच्या विद्यार्थ्याला हे ठाऊक होते. म्हणून तो चार सेंटिमीटरवर थांबला. त्याचे काही मित्र थांबले नाहीत. ‘‘त्यांना गाडी खाली पाहिजे होती, मला बरोबर पाहिजे होती,’’ असे तो म्हणाला. शैली आणि शैलीचा सोस यांतला फरक याहून कमी शब्दांत सांगणारे वाक्य आमच्या टिपणवह्यांत नाही.

येथे मर्ढेकरांची आठवण अपरिहार्य होते. बा. सी. मर्ढेकर आपल्याच भागातले, त्यांचा जन्म १९०९ सालचा, फैजपूरचा. सौंदर्याचा विचार करताना त्यांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे मांडली. सौंदर्य हे वस्तूच्या उपयोगात किंवा आशयाच्या थोरवीत नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असते, असा त्यांचा आग्रह. दरवर्षी आम्ही हे शिकवतो, आणि दरवर्षी उदाहरणे शोधताना अडतो. चाक हे वर्तुळ, त्याच्यावरची कमानही वर्तुळाचाच तुकडा. चार बोटांची पोकळी असते तेव्हा ही दोन वर्तुळे एकमेकांना ओळख देत नाहीत. दोन बोटे उरली की त्यांच्यात संवाद सुरू होतो. गाडीचे चपटे शरीर आणि गोल चाके यांचा विरोध ठसठशीत होतो, आणि गाडी उभी असूनही जमिनीला धरून असल्यासारखी वाटते, तो समतोल. आमच्या विद्यार्थ्याने हे आम्हांला गाडीभोवती फिरून, बोट दाखवून सांगितले. सामान्य मोटारीचे शरीर मूळ स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली झुलते. स्प्रिंग ताठ केली की हा झोका जलद होतो. लय हा शब्द येथे रूपकाने वापरलेला नाही, हे सुजाण वाचकांच्या ध्यानात आले असेल.

तरीही क्षेमेंद्राचा प्रश्न उरतोच. जागा कोणती?

भारतीय रस्ते काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर. आम्ही भाषेची माणसे, तरी हे गणित त्या मुलाने कागदावर मांडून दाखवले तेव्हा थक्क झालो. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर सुमारे २.४ मीटर. असा गतिरोधक बरोबर गाडीच्या मध्याखाली आला, तर दोन्ही चाकेही त्याच्याच उतारावर असतात. त्यामुळे गाडीच्या पोटाखालची जागा १० नव्हे, अवघी ४.२ सेंटिमीटर कमी होते. कारखान्यातून निघालेल्या त्या स्विफ्टचे पोट जमिनीपासून १७ सेंटिमीटर उंच होते. त्यांतले चार स्प्रिंगांनी खाल्ले, तीनेक बसणाऱ्यांच्या वजनाने. उरले १०. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून ही गाडी निम्म्याहून अधिक जागा राखून सहज जाते.

अडचण अशी की, आमच्या रस्त्यांवरचे गतिरोधक कोणी नियम वाचून बांधत नाही. गावात एखादे मूल गाडीखाली येते, संतापलेला गाव रस्ता अडवतो आणि त्याच रात्री मुरूम, खडी, सिमेंट यांचा एक उंचवटा उभा राहतो. दीड फूट रुंद, अर्धा फूट उंच. त्या उंचवट्यामागे शोक असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. परंतु त्यावरून जाताना गाडीच्या पोटाखालची सगळी १५ सेंटिमीटर जागा जाते, आणि खाली केलेल्या गाडीचे चेंबर फुटते. चेंबर म्हणजे इंजिनाचे तेल साठवणारे तळाचे भांडे. फुटलेल्या चेंबरमधून तेल गळत गेलेल्या गाडीची वाट डांबरावर काळ्या रेघेने लिहिलेली असते. आमचा विद्यार्थी जळगाव ते धुळे या पट्ट्यातला प्रत्येक उंचवटा ओळखून होता. कोणता तिरका घ्यायचा, कोणत्याच्या कडेला मातीची वाट आहे, कुठे मागच्या माणसाने उतरायचे. रस्त्याचे इतके सूक्ष्म वाचन आम्ही त्यावर वीस वर्षे प्रवास करूनही केले नव्हते.

त्याच गॅरेजात, त्याच खड्ड्यावर, उलट कामही चालते. रावेर-यावलकडची केळी वाहणाऱ्या, छोटा हत्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या तेथे पाटे वाढवून घ्यायला येतात. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमानदार स्प्रिंग. एकावर एक पट्ट्या रचलेल्या. आणखी एक पट्टी घातली की गाडी मागून उंच उभी राहते आणि ठरल्यापेक्षा जास्त घड उचलते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी सारख्याच. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. पण गावाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जादा पाटा घालणारा कष्टाळू आणि गाडी खाली करणारा वाया गेलेला. भारासाठी मोडलेला नियम समजून घेतला जातो. रूपासाठी मोडलेला घेतला जात नाही.

राज्यकर्त्यांनाही गाडीच्या उंचीत रस असतो, तो वेगळ्या कारणाने. २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात एसयूव्ही गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर नेण्यात आले. एसयूव्ही कोणती ते ठरवण्याच्या कसोट्यांत लांबी आणि इंजिन यांच्याबरोबर एक होती, जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर किंवा अधिक. त्याच वर्षी महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या आपल्या एक्सयूव्ही ५०० ची उंची १६० मिलिमीटरवर आणली आणि ती गाडी त्या व्याख्येतून बाहेर पडली. पुढे वस्तू व सेवा कराच्या काळात ही उंची रिकाम्या गाडीची धरावी, असा खुलासा २०२३ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेला करावा लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचे दर बदलले तरी १७० चा आकडा कायम राहिला. अशा रीतीने महाराष्ट्रातली सर्वांत ठळक ‘गाडी खाली करण्याची’ घटना एका प्रतिष्ठित कारखान्यात, पूर्ण कायदेशीरपणे घडली. तेथे कोणी कोणाला वाया गेलेला म्हटले नाही. हिशेबासाठी खाली येणे हे धोरण, आवडीसाठी खाली येणे हा उनाडपणा.

हा भेद फक्त आपल्याकडचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जुन्या शेव्हरोले गाड्या खाली करायला सुरुवात केली. कोणी स्प्रिंगा कापल्या, कोणी डिकीत वाळूची पोती टाकली. गोऱ्या तरुणांच्या गाड्या वेगासाठी सुधारलेल्या असत. यांच्या गाड्या हळू जाण्यासाठी होत्या. संध्याकाळी मुख्य रस्त्यावरून सावकाश जायचे, पाहायचे आणि पाहिले जायचे. १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने चाकाच्या धावेच्या खालच्या काठापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली असण्यावर बंदी घातली. त्यावर रॉन अगीरे या तरुणाने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. हे निर्बंध उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावे लागले. आज त्या गाड्या संग्रहालयांत मांडल्या जातात. ज्यांच्याकडे घर, जमीन, पद यांपैकी काहीही मिरवण्यासारखे नसते, ती माणसे जे हाती आहे त्याला आकार देतात. आपल्या खान्देशात हे समजायला लॉस एंजेलिसला जाण्याची गरज नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावणारा शेतकरी बैलाची ओढ वाढावी म्हणून ते लावत नाही. गावोगावच्या यात्रांत एकामागे एक जोडलेल्या बारागाड्या भगत ओढतो, तेव्हा त्या गाड्यांतून धान्य कोठेही पोहोचत नसते.

गाडी आणि रूप यांचे हे नाते आम्ही मनाशी असे सुखाने जुळवत होतो, तोवर एक गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. तो मुलगा त्या गाडीतून स्वतःच्या घरी जात नव्हता.

त्याचे गाव डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीतून जाणारी ती पाणंद. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात शिरेल इतकी भेगाळते, तिच्यावर केलेला कोणताही रस्ता टिकत नाही. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची चाके एकाच जागेवरून जाऊन दोन खोल चर पडतात आणि मधला भाग गवतासह उंच राहतो. या चरालाच मराठीत चाकोरी म्हणतात. समीक्षेत आम्ही हा शब्द हजार वेळा वापरतो. चाकोरीबाहेरचे लेखन, चाकोरीबद्ध कथा. चाकोरीत शिरायलाही उंची लागते, हे त्या वापरात कधी सुचले नाही. बैलगाडीचे चाक साडेचार-पाच फुटांचे, तिचा आख जमिनीपासून दोन फुटांहून वर. तिच्या पोटाला मधला उंचवटा कधी शिवत नाही. आमच्या विद्यार्थ्याची गाडी पहिल्याच शंभर पावलांत पोटावर बसली असती. म्हणून तो ती फाट्यावर, एका चहाच्या टपरीमागे लावून पायी घरी जात असे. त्याच्या आबांनी ती गाडी टपरीमागेच पाहिली होती.

गेल्या श्रावणात आबांना छातीत दुखू लागले. रात्रीची वेळ, पाऊस पडून गेलेला. मुलगा घरीच होता आणि गाडी दीड किलोमीटरवर. शेजाऱ्याच्या बैलगाडीत गोधडी अंथरून आबांना फाट्यापर्यंत आणले. त्या गाडीला स्प्रिंग नव्हती, पाटा नव्हता. पण ती पोहोचली. तेथून ताठ स्प्रिंगांच्या स्विफ्टमध्ये मागच्या सीटवर निजवून धुळ्यापर्यंत. प्रत्येक सांध्यावर, प्रत्येक पुलाच्या जोडावर त्यांना होणारा त्रास आरशात दिसत होता, असे त्याने नंतर सांगितले. आबा वाचले. आम्ही दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. मुलाच्या गाडीविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला आणि तो विचारताना ते मुलाकडे पाहत नव्हते. ‘‘गाडी भारी शे, पन घर काबर येत नही?’’

महिन्याभरात त्याने मूळ स्प्रिंगा पुन्हा बसवल्या. त्या त्याने फेकल्या नव्हत्या. तेल लावून, गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. आता मडगार्डखाली पुन्हा चार बोटे शिरतात. पाऊस नसेल तेव्हा गाडी हळूहळू, डचमळत, पण घरापर्यंत जाते. आबा दर पंधरवड्याला तपासणीसाठी त्या गाडीतून धुळ्याला येतात, अंगणातून बसून.

या गोष्टीचा बोध उघड आहे आणि म्हणूनच तो लिहिताना आमचा हात थांबतो. क्षेमेंद्राचा विजय झाला, रूप प्रयोजनापुढे नमले, मुलगा शहाणा झाला. असे म्हणून हा लेख संपवता आला असता आणि तो कोणत्याही शालेय पाठ्यपुस्तकात शोभला असता. परंतु आम्ही त्या मुलाला त्यानंतरही पाहिले आहे. तो गाडी लावतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. पूर्वी तो दहा पावलांवर थांबून एकदा वळत असे. ‘‘आता ती नुसती गाडी आहे,’’ असे तो म्हणाला. त्यात कडवटपणा नव्हता, एखाद्याने कविता लिहिणे थांबवल्यावर जी सपाट समजूत आवाजात येते ती होती. तासिकांचे मानधन सहा सहा महिने न मिळणाऱ्या, स्वतःच्या नावाची खोली नसलेल्या, सेट होऊनही दरवर्षी जूनमध्ये नव्याने अर्ज करणाऱ्या त्या तरुणाच्या आयुष्यात पूर्णपणे त्याने ठरवलेली, त्याने मोजलेली, त्याने घडवलेली एकच गोष्ट होती. ती चार सेंटिमीटरची होती.

औचित्याचा सिद्धान्त जागा गृहीत धरतो. अलंकार योग्य जागी हवा, हे खरे. पण ती जागा कोणी केली, कोणाला दिली, कोणाला नाकारली, हा प्रश्न क्षेमेंद्राच्या दरबारी जगात उद्भवत नव्हता. आपल्या वर्गात तो उद्भवतो. मुंबई-पुण्याच्या गुळगुळीत द्रुतगती मार्गावर तीच खाली केलेली गाडी अभिरुचीचे लक्षण ठरते आणि पारोळा तालुक्यातल्या पाणंदीवर तीच बेजबाबदारपणाचे. गाडी एकच, स्प्रिंगा त्याच. बदलला तो रस्ता. मग दोष रूपाच्या हौसेला द्यायचा की रस्त्याला? आम्ही दोघेही याबाबत एकमताचे नाही. एकाचे म्हणणे, माणूस जेथे राहतो तेथल्या जमिनीला धरूनच त्याने शैली घडवावी. काळ्या मातीतली खरी शैली बैलगाडीची, दोन फूट उंच. दुसरीचे म्हणणे, तसे असेल तर काळ्या मातीतल्या मुलाला त्याच्या मातीने ठरवलेलेच सौंदर्य कायम पुरवावे लागेल, आणि हा देशीपणा आम्ही स्वतः कोठे पत्करला आहे? आमच्याही बैठकीत पुस्तके आहेत ती जगभरची. हा वाद पाळधीला सुरू होऊन फागण्यापर्यंत पुरतो.

शेतरस्त्यांसाठी राज्य शासनाने २०२१ च्या नोव्हेंबरात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत, पाणंद रस्ते योजना आणली. त्या गावानेही आपल्या पाणंदीसाठी ठराव करून पाठवला आहे. मोजणी झाली आहे, खडी अद्याप पडलेली नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्याच्या घरी गेलो होतो, त्याच्याच गाडीतून. अंगणात आबांनी खाट टाकून दिली. आत चहा होत असताना माळ्यावर, कांद्याच्या चाळणीशेजारी, गोणपाटाचे एक गाठोडे दिसले. या खेपेस त्यात आखूड स्प्रिंगा होत्या. त्या विकून टाक, असे गॅरेजमालकाने त्याला दोनदा सांगितले आहे. रस्ता झाल्यावर बघू, असे उत्तर त्याने दोन्ही वेळा दिले. दर पावसाळ्याआधी तो गाठोडे सोडतो, गंज धरला का पाहतो आणि तेलाचा हात फिरवून पुन्हा बांधून ठेवतो.